भरणाऱ्याचं नाव

दाजी गेल्याची बातमी मला घरच्या ग्रुपवर कळली. सकाळी दात घासत होतो, फोन बेसिनच्या कडेला ठेवलेला. भाच्याने एकच ओळ लिहिली होती, ‘बाबा पहाटे गेले.’ मी चूळ भरून पुन्हा वाचेपर्यंत खाली तीस-पस्तीस जोडलेले हात जमा झाले होते. ज्या मावसबहिणीला त्यांनी एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या ‘वाढताना वाटी कुठे ठेवायची तेही कळत नाही का’ म्हणून रडवलं होतं, तिने लिहिलं, ‘देवमाणूस गेला.’ मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. दुःख नाही वाटलं. राग आला. वाटलं, सुटले. बारा वर्षं मी या माणसाने माझी माफी मागायची वाट बघत होतो आणि हा न मागताच गेला. मग मी तोंड पुसलं, बायकोला उठवलं आणि पुण्याची बस पकडली.

आज त्याला सहा आठवडे झाले. हा लेख मी ताईच्या सांगण्यावरून लिहितोय. तेराव्याच्या दिवशी ती म्हणाली, “तू पेपरच्या पुरवणीत लिहितोस. तुझ्या त्या मास्तरांवर लिहिलंस, दूधवाल्यावर लिहिलंस. ह्यांच्यावर पण लिही की रे.” मी म्हटलं, “बघू.” तिला वाटलं असेल, मी चार चांगले शब्द लिहीन. मरण आलं की माणसाच्या अंगाला चांगुलपणा आपोआप चिकटतो, ही पद्धत मला मान्य नाही. जसे होते तसेच लिहीन. निदान तसा माझा विचार होता...

दाजी म्हणजे मधुकर शेवाळे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याच्या एका दारूगोळा कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस होते. पंचेचाळिशीला नोकरी सोडली आणि शारजाला गेले. तिथे शहराबाहेर, वाळवंटाच्या कडेला, एक खाजगी नेमबाजीचा क्लब होता. सभासदांनी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, त्यांत पुन्हा दारू भरून वर नवी गोळी बसवायची. क्लबात त्याला ‘रिलोड’ म्हणत, आणि ते काम एकटे दाजी करत. कुणाला हलका बार, म्हणजे कमी दारू, लागायचा, कुणाला स्पर्धेसाठी जोरकस. एका म्हाताऱ्या इंग्रज सभासदाकडे त्याच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर होतं, त्याला अगदीच हलका. गंमत अशी की हलक्या बाराचं आणि भारी बाराचं काडतूस शेजारी ठेवलं तर भरणाऱ्यालासुद्धा ओळखता येत नाही. भारी बार त्या म्हाताऱ्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गेला असता तर ते हातातच फुटलं असतं. म्हणून दाजी म्हणायचे, “काडतूस काही बोलत नाही. जे काय बोलायचं ते डबा बोलतो.” प्रत्येक डब्यावर इंग्रजीत तीन ओळींचं लेबल. कुणासाठी, कधी भरलं आणि भरणाऱ्याचं नाव. तिसऱ्या ओळीत कायम एकच नाव असायचं.

हे क्लबात ठीक होतं. पण शारजातल्या रोल्ला भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही तीन ओळी. ‘तूरडाळ’, खाली तारीख, खाली ‘शैला’. शैला म्हणजे आमची ताई. नवऱ्याच्या हुकमावरून ती मिठावरसुद्धा सही करायची. आमच्या माहेरी असलं काही नव्हतं. आईच्या फडताळात बिस्किटांच्या डब्यात शिवणाचं सामान, चहापत्तीच्या डब्यात मोहरी, बाळगुटीच्या डब्यात सुटे पैसे. डब्यात काय आहे ते आईला विचारायचं, डब्याला नाही. त्याने कधी कुणाचं काही बिघडलं नाही. मी एकदा चेष्टेत ताईला म्हणालो, “पोरांच्या पाठीवर पण चिकटवलंय का गं, भरणाऱ्याचं नाव?” ताई पदर तोंडाला लावून हसली. दाजींनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, “तुमच्या घरात कुणाच्याच कामावर कुणाचं नाव नसतं. म्हणून तुम्ही सगळे इतके मोकळे.”

मला शारजाला नेलं त्यांनीच, हेही लिहायला हवं. लिहिलं. क्लबाच्या स्टोअरमध्ये मदतनीस आणि खरेदीवाला अशी नोकरी लावून दिली. बायको सुजाता आणि माझी ईशा वर्षभराने आल्या, आम्ही त्यांच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये घर घेतलं. ईशा तिथल्या शाळेत रुळली, दोन वर्षांत मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. आमचं बरं चाललं होतं. मग दोन हजार आठ संपता संपता सगळं आटलं. दुबईतले टॉवर अर्ध्यावर थांबले आणि शुक्रवारी गाड्यांनी भरणारं क्लबाचं पार्किंग ओकंबोकं दिसायला लागलं. सभासद एकेक करून आपापल्या देशी जायला लागले. परदेशातून नवी काडतुसं मागवणं बंद झालं आणि सगळा भार रिलोडवर आला. पण रिलोड ठेवायचे खाचांचे डबे अमेरिकेतून यायचे, तेही बंद झाले. जुने फुटले होते. दाजी काडतुसं पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवायला लागले आणि ती खोकी दमट हवेने सादळून फाटायला लागली.

मॅनेजर नबील लेबनीज होता. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. “हबीबी, स्टोअरमध्ये दोन माणसं आहेत. मला एक परवडतो. पाच दिरहमच्या आत चांगला डबा शोध. हा महिना संपायच्या आत. नाही तर खलास, ओके?” मी “इन्शाल्ला” म्हटलं आणि बाहेर आलो. स्टोअरमधला दुसरा माणूस केरळचा वर्गीस, माझ्याहून सहा वर्षं जुना. त्याच्यात आणि माझ्यात कुणाला ठेवतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणजे डबा मिळाला तर शारजा, नाही तर सामान बांधायचं. ईशाची शाळा, सुजाताचं नुकतंच लागलेलं शिकवण्यांचं बस्तान, सगळं एका डब्यावर आलं होतं. हे मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, “मग नीट शोध.”

मी शोधायला लागलो. रोल्लातल्या प्लास्टिकच्या दुकानांतून अंड्यांचे डबे आणले, मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून गळ ठेवायचे आणले. अब्रातून, म्हणजे तिथल्या होडीतून, खाडी ओलांडून बर दुबईत गेलो आणि मीना बाजारातल्या एका सिंधी कापडवाल्याकडून गुंड्यांचे कप्पे असलेले डबे आणले. प्रत्येक वेळी तोच तमाशा. दाजी डबा हातात घेत, रिकाम्या पुंगळ्या भरत, झाकण लावून उलटा करत आणि कानाजवळ नेऊन हलवत. आत खुळखुळलं की डबा परत माझ्यासमोर. तोही मुकाट्याने नाही. वर्गीस आणि रेंजवरची दोन पोरं बघत असताना, हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून. “ये क्या लाया? इसमें अपनी बीवी की चूड़ियाँ रख.” अंड्यांच्या डब्याला म्हणाले, “आमलेट बनाना है क्या?” वर्गीस हसायचा. मीही हसायचो, दुसरं काय करणार. पण संध्याकाळी क्लबाच्या व्हॅनमधून परतताना माझ्या शेजारी हाच माणूस डोळे मिटून बसायचा आणि मला त्याचं तोंड बघवत नसे. घरचा माणूस चार लोकांत इतकी शोभा कशी करू शकतो, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

महिना संपायला सहा दिवस उरले तेव्हा रोल्लातच, आमच्या मागच्या गल्लीत, एक होमिओपॅथीचे म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करत होते. मंदीने त्यांचे पेशंटच गावी गेले होते. दारात सामान मांडलं होतं, त्यात औषधाच्या बारक्या बाटल्या उभ्या ठेवायचे कप्प्याकप्प्यांचे डबे. पन्नास भोकं, घट्ट झाकण. मी खिशातली पुंगळी काढून भोकात सोडली. गपकन बसली, वर बोटभर दिसत राहिली. डॉक्टर म्हणाले, “तीन दिरहमला एक घे, सगळे घेणार असशील तर.” तीन दिरहम म्हणजे चाळीस रुपये. साठ डबे होते. मी मिठी मारली त्यांना, अक्षरशः. दुसऱ्या दिवशी दाजींनी डबा भरला, उलटा केला, कानाजवळ नेला. आवाज नाही. पुन्हा हलवला. वर्गीस बघत होता. दाजी म्हणाले, “बरे आहेत.” बास. मग म्हणाले, “आधी सगळे धू. औषधाचा वास जाऊ दे. भरायला कुणी हात लावायचा नाही, मी भरीन.” मला वाटलं होतं, निदान पाठीवर हात ठेवतील...

बुधवारी-गुरुवारी दाजी पासपोर्टच्या कामाला बर दुबईला गेले होते. गुरुवारी दुपारी नबील स्टोअरमध्ये डोकावला. “डबे कुठे आहेत? मला उद्या सभासद यायच्या आत मांडणीवर दिसले पाहिजेत.” डबे धुऊन वाळले होते. मी दाजींची वाट बघायला हवी होती. नाही बघितली. आठ खोकी टेबलावर ओळीने उघडली आणि काडतुसं एकेक करून नव्या डब्यांत बसवायला घेतली. मध्ये ईशाच्या शाळेतून फोन आला, तिला ताप होता. बोलत बोलत एक-दोन डबे भरले, ठेवले, पुन्हा आलो. शेवटी फाटक्या खोक्यांवरची लेबलं पाण्याने सोडवली आणि नव्या डब्यांवर डकवली. रांग छान दिसत होती. नबीलने फोनवर फोटो काढला, माझ्या खांद्यावर थाप मारली. “यू स्टे, हबीबी. वर्गीसशी मी बोलतो.” ते शब्द मी घरी जाऊन सुजाताला तीनदा सांगितले. आम्ही त्या संध्याकाळी ईशाच्या उशाशी बसून आइस्क्रीम खाल्लं.

शुक्रवारी सकाळी दाजी आले. मांडणीवरून एक डबा उचलला, झाकण उघडलं आणि उभेच राहिले. प्रत्येक पुंगळीच्या बुडाला अक्षरं कोरलेली असतात. दाजी काडतूस बूड वर करून ठेवत आणि ती अक्षरं एकाच दिशेला करत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. माझी अक्षरं कशीही फिरलेली होती. ते म्हणाले, “हा मी भरलेला नाही.” मी म्हटलं, “तुमचीच काडतुसं आहेत दाजी. फक्त जागा बदलली.”

“दोन खोकी एका वेळी उघडी होती?”

“नाही.”

“आठव.”

“नाही म्हटलं ना.”

त्यांनी कचऱ्याच्या पिंपाकडे बघितलं. त्यात आठ फाटकी खोकी होती, एकात एक बसवलेली, म्हणजे सगळी एकदमच उघडलेली. मग ते तडक नबीलच्या केबिनमध्ये गेले, मी मागोमाग. म्हणाले, आज रेंज बंद ठेवा. नबील ओरडला, “शुक्रवारी? आर यू मॅड? हे कुणी केलं?” दाजींनी मागे वळून बघितलंही नाही. “माय ब्रदर-इन-लॉ,” ते म्हणाले. चार वर्षांत त्या क्लबात त्यांनी मला कधी नात्याने ओळख दिली नव्हती. मी सगळ्यांसाठी स्टोअरचा रमेश होतो. नातं त्यांना त्या दिवशी आठवलं.

महिनाभरात माझा व्हिसा कॅन्सल झाला. दाजींनी पाच दिवस बसून ती सगळी काडतुसं स्वतःच्या हाताने उघडली, प्रत्येकातली दारू तोलली. मिसळली होती की नव्हती, किती होती, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ईशाने विचारलं, “बाबा, डिड आतोबा गेट यू फायर्ड?” मी म्हटलं, “येस.” ताईलाही तेच सांगितलं. तिला म्हणालो, सगळं गुपचूप उघडून, तपासून, पुन्हा भरता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं, पण तुझ्या नवऱ्याला मेव्हण्यापेक्षा स्वतःचा टेंभा मोठा. ताई ढसाढसा रडली. नवऱ्याला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. किती दिवस, कुणास ठाऊक. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी दाजी घरी आले. दारातच उभे. आत खोकी बांधून ठेवली होती. त्यांनी खिशातून मार्कर काढला, वाकले आणि एकेका खोक्यावर लिहायला लागले. ‘स्वयंपाकघर’, तारीख, ‘सुजाता’. ‘पुस्तकं’, तारीख, ‘ईशा’. सगळी खोकी झाली तेव्हा म्हणाले, “येतो.” ते जिना उतरल्यावर मी ती अक्षरं खसाखसा खोडली. सुजाता नको नको म्हणत होती. पुण्यात आल्यावर कुठल्या खोक्यात काय आहे ते आठवडाभर सापडत नव्हतं, ते वेगळं.

त्यानंतर लग्नामुंजीत भेटलो, नमस्कार-चमत्कार झाले. चार-पाच वर्षांनी तेही परत येऊन पुण्यात राहिले. एका शहरातली माणसं आम्ही, पण मी त्यांच्या घरी कधी पाय ठेवला नाही. नंतर नोकरीसाठी कोल्हापूरला आलो तेव्हा बरंच वाटलं. शेवटची भेट गेल्या दिवाळीतली, भाच्याकडे. दाजी वाळले होते. फराळाचे डबे बघून म्हणाले, “यावर काही लिहिलेलं नाही.” भाच्याची बायको हसली. मी नाही हसलो. मनात म्हटलं, मरेपर्यंत सुधारणार नाही हा माणूस. नाहीच सुधारले.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ताईने कपाट उघडलं. तिला काळ्या सदऱ्याची गुंडी हवी होती. तिने एक डबा काढून माझ्यापुढे सरकवला. “हा तुझा ना रे? तिथून आणलेला. ह्यांनी फेकू दिला नाही. मी गुंड्या ठेवते त्यात.” पन्नास भोकांचा, तीन दिरहमचा. शेवटी आईच्या फडताळातला नियम इथेही शिरला होता, एवढं बघून मला हसूच आलं. मग झाकणावरचं लेबल दिसलं. मी डकवलेलं. कोपरा वाकडा, पाण्याने शाई फुटलेली. वर त्या म्हाताऱ्या इंग्रजाचं नाव. खाली तारीख. तिसऱ्या ओळीत, एम. शेवाळे. आणि सगळ्यात खाली, लाल पेनने, दाजींच्या बारीक मराठी अक्षरात, ‘तपासले. सहा भारी.’

सहा. रिव्हॉल्व्हरमध्ये सहाच बसतात.

बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की दाजींनी माझं नाव घेतलं. त्या डब्यांवर मी त्यांचं नाव डकवलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. सुजाताला नाही, ताईला नाही. म्हाताऱ्याचा हात गेला असता तर पोलीस लेबल वाचत आले असते आणि मधुकर शेवाळेला घेऊन गेले असते. हे दाजींना त्या सकाळी पहिलं झाकण उघडतानाच कळलं असणार. घरी येऊन त्यांनी बायकोचा अबोला सोसला, पण हे तिलासुद्धा सांगितलं नाही. माझं चुकलं, सरळ चुकलं. तरीही माझा राग गेलेला नाही. वर्गीससमोर माझ्या बायकोच्या बांगड्यांवरून बोलणं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. आणि ते लेबल जपून ठेवताना त्यांनी स्वतःचं नाव खोडलं का नाही, हेही मला कळत नाही. लाल पेन हातात होतं की. मला वाटतं ते काम माझं होतं म्हणून त्यांनी केलं नाही. मेल्यावरसुद्धा माणूस माझ्याकडून काम करून घेतोय, या विचाराने माझं डोकं पुन्हा फिरलं.

मी भाच्याच्या खिशातलं पेन घेतलं. तिसरी ओळ खोडली. शेजारी लिहिलं.

“गुंड्यांवर काय लिहितोयस आता? तू पण त्यांच्यासारखाच झालास का?” ताईने विचारलं. मी डबा तिच्याकडे फिरवला. तिने डोळे बारीक केले, चष्मा सापडेना. “वाच की,” म्हणाली. शेजारी भाचा होता, सुजाता होती. मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. कुणासाठी, ते वाचलं. तारीख वाचली. लाल अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलं आणि त्याचा अर्थ सांगितला.

“आणि भरणारा?” ताई म्हणाली.

“मी,” म्हटलं. “रमेश.”